चित्राखालचं नाव

शंकर नगर, रायपूर
६ जुलै २०२५

चि. इंदूस,
ज्योतीवहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकीट माझ्या हातात देताना तुझे दादा म्हणाले, पुण्यात राहून अजून तिकिटं चिकटवणारी माझी बहीण एकटीच उरली असेल. मी फोनवर का लिहीत नाही, असं तू विचारतेस. अगं, या घरात फोन दोन असले तरी वाचणारे डोळे एकाच माणसाचे आहेत. माझा फोन हे उघडतात आणि त्यातलं आवडेल ते पुढे पाठवून देतात. मागच्या महिन्यात तुला कैरीच्या तक्कूची कृती लिहिली, तर ती उरला औद्योगिक वसाहतीतल्या यांच्या रोलिंग मिलमधल्या सगळ्या निवृत्त मंडळींना पोचली, आणि खाली नाव नरेंद्र वझलवार. ज्या माणसाला जिरं आणि शोप वेगळी ओळखता येत नाही, त्याला लोक फोन करून विचारून राहिले की कैरी किसायची की चिरायची. तेव्हा यांच्याबद्दल काही लिहायचं तर पोस्टच बरं. पाकिटातून फक्त बिलं येतात, अशी यांची समजूत आहे.

आता यांच्याबद्दलच लिहिते. सकाळी चहाच्या आधी इंटरनेटवरून एक चित्र शोधायचं. कधी तळं, कधी डोंगर, कधी कुणाच्या तरी बागेतलं फूल. चित्राच्या खाली बारीक अक्षरात काढणाऱ्याचं नाव असतं, ती पट्टी कात्रीनं कापल्यासारखी काढून टाकायची. मग त्या जागी स्वतः टाइप करायचं, ‘शुभ प्रभात, संकलन: नरेंद्र वझलवार’. मी विचारलं, पट्टी काहून कापता, तर म्हणाले, घोटाळा होते. आणि घोटाळा खरंच झाला होता. एकदा पट्टी कापायची राहिली आणि खाली रॉबर्ट असं नाव तसंच गेलं. पाच मिनिटांत देवांगन भैयांचा फोन, हा रॉबर्ट कोण, आपल्या शिफ्टमध्ये तर कधी नव्हता, नवीन भरती आहे का. त्यावर कळस म्हणजे आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या विनोदिनीबाईंनी कोजागिरीवर चार ओळी केल्या होत्या, त्या फिरत फिरत यांच्याकडे आल्या आणि यांच्या नावानं परत त्यांच्याचकडे गेल्या. बाई तणतणत दारात आल्या. यांना वाटलं कविता आवडली म्हणून आल्या. बसवून चहा पाजला, वर म्हणाले, असंच वाचत जा.

हसलीस ना? मीही हसते. पण पुढचंही ऐक. यांच्या शिफ्टमधला क्रेन चालवणारा रामाधार मागच्या थंडीत गेला. एकटाच राहायचा. गेला ते कुणाला कळलंच नाही, शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. हे तिथून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मग या सगळ्यांनी मिळून ठरवलं की रोज सकाळी प्रत्येकानं एक चित्र टाकायचं आणि खाली आपलं नाव आपल्या हातानं लिहायचं. फोन बहुतेकांचे मुला-नातवांच्या हातात, त्यामुळे नुसतं चित्र आलं तर पाठवलं कोणी ते कळत नाही. नाव दिसलं की माणूस उठला. ज्याचं नाव आलं नाही त्याला फोन करायचा, तेही काम यांनीच अंगावर घेतलं आहे. शिफ्ट इनचार्ज होते ना, हजेरी घेण्याची सवय जात नाही. म्हणून मी यांना अडवत नाही.

तुझी भाची ऋता तेलीबांध्याच्या नव्या घरात रमली आहे. नवा रायपूरचं ऑफिस तिथून जवळ पडतं. तुझी आठवण काढते. तब्येतीला जप.

तुझी,
ज्योतीवहिनी

*

पुणे
१५ जुलै २०२५

ती. सौ. ज्योतीवहिनीस,
इंदूचा सा. न. वि. वि.

वहिनी, तुझं पत्र मी ग्रंथालयात बसून वाचलं आणि मोठ्यानं हसले. ‘शांतता राखा’ ही पाटी लावणारी ग्रंथपालच हसते आहे, हे बघून मुलं गोळा झाली. मग त्यांना रॉबर्टचा आणि विनोदिनीबाईंचा भाग वाचून दाखवला. पोरं टेबलावर डोकं टेकून हसली.

आमच्या विधी महाविद्यालयाचा एक उद्योग तुला सांगायचा राहिला. इंटरनेटवरचं कुणाचं काय असतं, हे लोकांना समजावं म्हणून मुलं छोटी विनोदी प्रहसनं करून व्हिडिओ टाकतात. नाव ठेवलंय ‘आधी विचारा’. लिहायचं काम माझ्याकडे. कायदा सरळ सांगायला गेलं की लोक जांभया देतात, म्हणून चिमटे काढत सांगायचा. चित्र इंटरनेटवर सापडलं म्हणजे ते रस्त्यावर सापडलं असं नव्हे. काढणारा जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यानंतरही साठ वर्षं ते त्याचं, मग त्याच्या घरच्यांचं. खाली नुसतं नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. दादा तर आहे तेही नाव कापतो. लहानपणी माझ्या कंपासपेटीवर स्वतःचं नाव कोरून ठेवायचा, त्याच वळणावर गेलाय.

आणखी काही असेल तर लिही. तुझ्यासारखं सांगणं आमच्यातल्या एकालाही जमत नाही. दादाला नमस्कार, ऋताला आशीर्वाद.

तुझी,
इंदू

*

शंकर नगर, रायपूर
२८ जुलै २०२५

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरच्या माणसांतलं पत्र चारचौघांत वाचू नये. मुलं हसली म्हणून या वेळी सोडते.

इथली एक गंमत. मागच्या गणपतीत आपल्या मंडळानं आरतीचा व्हिडिओ केला होता. मंडळी टाळ्या वाजवताहेत आणि मागे एका कॅसेटमधली आरती लावलेली. तो आता इंटरनेटवर टाकला तर आवाजच गेला. सगळे तोंडं उघडझाप करताहेत आणि पूर्ण शांतता. गंगाधरकाका अध्यक्ष आहेत, ते तापले. म्हणाले, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आपल्या घरात आरती होऊन राहिली, आता बाप्पाले ओवाळाले बी कोण्या कंपनीले विचारू का. तुझं पत्र वाचलेलं असल्यामुळे मी शहाणपणा केला. म्हटलं, काका, आरती जुनी आहे, ती कुणाचीही नाही. पण कॅसेटमधला गळा ज्याचा त्याचा आहे. आपण आपल्या गळ्यानं म्हटली असती तर कुणी आवाज बंद केला नसता. त्यावर काका म्हणाले, आपला गळा ऐकून लोकंच बंद करतील. यंदा सगळ्यांनी बसून तालीम करायची असं ठरलं आहे.

तुझ्या दादांची हजेरी नियमित चालू आहे. त्यांची तब्येत बरी आहे.

तुझी,
ज्योतीवहिनी

*

पुणे
१८ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ज्योतीवहिनीस,
सा. न. वि. वि.

आज फार आनंदात लिहिते आहे. आमचं नवं प्रहसन स्वातंत्र्यदिनाला इंटरनेटवर चढलं आणि अक्षरशः पसरलं. नाव आहे ‘पाठवेकाका’. लोकांची चित्रं घ्यायची, खालची पट्टी कापायची आणि आपलं नाव ठोकायचं, असा हा काका. यशदीप नावाचा आमचा विद्यार्थी तो करतो. मिशा लावून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन पोरगं असं काही बसतं की बस. रॉबर्टच्या फोनला सर्वांत जास्त हशा येतो. दुसरा नंबर कवयित्रीला चहा पाजण्याचा. शेवटी न्यायाधीश पाठवेकाकाला शिक्षा सुनावतात आणि काका निकालपत्राच्या खालीही ‘संकलन: पाठवे’ असं लिहून मोकळा होतो.

वहिनी, काही वाक्यं तुला ओळखीची वाटतील. रागावू नकोस. नावगाव सगळं बदललंय. प्राचार्यांनी बोलावून पाठ थोपटली, दोन शाळांनी मुलांना दाखवायला मागितलं. इतकी वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले, पण माझ्या नावाला कुणी टाळी दिली नव्हती. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दादाला यातलं काही बोलू नकोस. तो तसा साधा आहे, त्याला कळायचंही नाही.

तुझी,
इंदू

*

तेलीबांधा, रायपूर
१ सप्टेंबर २०२५

ती. इंदूआत्यास,
ऋताचा सा. न.

आत्या, माझं मराठी लिहिणं तुला माहीत आहे. हिंदी मधे मधे येईल, सांभाळून घे. आई लिहीत नाही आहे म्हणून मी लिहीत आहे.

तुझा व्हिडिओ फिरत फिरत बाबांकडे आला. त्यांना खूप आवडला. एवढा आवडला की त्यांनी खालची पट्टी, ज्यात तुझं नाव होतं, ती कापली आणि ग्रुपवर टाकला, संकलन: नरेंद्र वझलवार. मला पहिल्यांदा वाचताना हसू आलं, नंतर नाही आलं. ग्रुपवर सगळे हसून राहिले. कुणी रॉबर्ट म्हणून हाक मारली, कुणी निकालपत्र मागितलं. बाबांना कळेचना. शेवटी देवांगन अंकलनी फोन करून सांगितलं की नरेंद्र भैया, ये तो आप ही हो. मग बाबांनी न कापलेला व्हिडिओ परत एकदा पाहिला, बसून, आवाज मोठा करून, खालचं तुझं नाव वाचून. आई समोरच होती. आईला फक्त एवढंच विचारलं, की हे सगळं इंदूला कोणी सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चित्र पाठवणं बंद केलं. लोकांनी फोन केले, ते उचलले नाहीत. दोघेजण बिरगावहून स्कूटरवर बघायला आले, तर दारातूनच म्हणाले, मी ठीक आहे, आता मले हे जमणार नाही, चोरीचं काम आहे. मग बाकीच्यांनाही लाज वाटली असेल. एकेकाचं चित्र यायचं बंद झालं आणि ग्रुप चूप झाला. नेमकं त्याच आठवड्यात ग्रुपमधले साहू अंकल न्हाणीघरात पडले. घरी कुणी नव्हतं. सून संध्याकाळी आली तेव्हा समजलं. खुब्याचं हाड मोडलं आहे, ऑपरेशन झालं, आता धोका नाही. पण आधीसारखं असतं तर बाबांनी सकाळीच फोन केला असता. हे बाबांना ठाऊक आहे. घरी गणपती बसलेत, आरतीला उभे राहतात आणि आत निघून जातात.

एक गोष्ट अजून. आईनं मला विचारलं की मी लिहिलेलं पत्र कोणाचं असतं, माझं की जिला पाठवलं तिचं. आमच्या ऑफिसच्या वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, कागद आत्याचा, शब्द आईचे. आईनं लगेच मला बसवून त्या व्हिडिओविरुद्ध तक्रार भरून घेतली. सोबत तिच्या पत्राचा तिला आठवला तसा मजकूर जोडला. ती तुझ्यापर्यंत पोचेल. मी मधे सापडले आहे, मला माफ कर.

तुझी,
ऋता

*

शंकर नगर, रायपूर
३ सप्टेंबर २०२५

चि. इंदूस,
आशीर्वाद. वि. वि.

तक्रार पोचली असेल. ती मीच केली आहे. पत्रात रागावून लिहिता आलं असतं, पण तुझ्या प्रहसनातच शिकवलंय की भांडत बसू नये, रीतसर तक्रार करावी. शिकवण चांगली आहे. मला सगळं समजलं.

तू माझी वाक्यं घेतलीस त्याचं दुःख नाही. विचारलं असतंस तर डबा भरून दिली असती. तू अर्धंच पत्र घेतलंस याचं आहे. रॉबर्ट घेतलास, चहा घेतलास, रामाधार ठेवून दिलास. यांचं नाव लोकांना दाखवलंस आणि ते नाव कशासाठी होतं ते कापून टाकलंस. पट्टी कापणं म्हणजे दुसरं काय असतं, सांग मला. दूर कुठल्यातरी रॉबर्टचं यांनी नुकसान केलं असेल, ते मी मान्य करते. तो सापडला तर मी स्वतः हात जोडेन. पण त्याची माफी मागण्यासाठी तुला तुझ्याच भावाला मिशा लावून जगाच्या पुढे बसवावं लागलं का?

हे माझ्याशी धड बोलत नाहीत. रागावले नाहीत, त्यांना लाज वाटते. मला त्यांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल हसून लिहायला नको होतं, तेवढा भाग माझा आहे आणि तो मी तुझ्यावर ढकलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तू मला बहिणीसारखी आहेस. म्हणूनच एवढं लागलं.

ज्योती

*

पुणे
१० सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस आणि ती. दादास,
इंदूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

व्हिडिओ काढून टाकला आहे. तक्रारीवर आमचं म्हणणं मांडायची मुभा होती, मुलं उत्साहानं मुद्दे काढत बसली होती. मी त्यांना सांगितलं की तक्रार करणारीचं बरोबर आहे. एका पोरानं विचारलं, मॅडम, तुम्ही विचारलं नव्हतं? ‘आधी विचारा’ अशी पाटी माझ्या डोक्यावरच टांगलेली होती.

वहिनी, रामाधारचा भाग मी वाचला नव्हता असं नाही. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा डोळे भरून आले. पण लिहायला बसले तेव्हा वाटलं, इथे हसू थांबेल. हसू थांबू नये म्हणून मी तो भाग गाळला. भूल पडली असती तर गोष्ट वेगळी होती, मी ठरवून केलं. पाठवेकाकाला निदान माहीत नव्हतं की तो चूक करतोय. मी ज्या कॉलेजात नोकरी करते तिथे हाच विषय शिकवतात.

दादा, तुला काय लिहू. तुझ्यावर सगळे हसत होते तेव्हा मी इथे पेढे वाटत होते. साहूंचं ऋतानं लिहिलं तेही वाचलं. लोकांना कायदा समजावण्याच्या नादात, एकटी राहणारी माणसं उठली की नाही हे बघणारी व्यवस्था मी मोडली. मला क्षमा कर. तू चित्रं पाठवायला लाग, एवढंच मागते. पाहिजे तर मोकळी चित्रं कुठे मिळतात ते मी कळवीन, ज्यांच्या मालकांनी वापरायला आधीच परवानगी दिलेली असते. नाहीतर तुझ्या फोनवर तूच काढ, ते तर जन्मभर तुझंच.

आणि आता रीतसर विचारते. तुम्हा दोघांची परवानगी असेल तर ते प्रहसन नव्यानं, पूर्ण लिहावं असं मनात आहे. नाही म्हणालात तर नाही. पुन्हा विचारणार नाही.

इंदू

*

शंकर नगर, रायपूर
२८ सप्टेंबर २०२५

चि. इंदूस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

मी चिडलो नाही असं लिहिणार होतो, पण खोटं काहून लिहू. चिडलो होतो. तुझ्यावर नाही, तुझ्या त्या मिशीवाल्या पोट्ट्यावर. चष्मा हुबेहूब माझ्यासारखा लावतो. शिवाय मनात एक टोचलं की तो चूक काहीच दाखवत नव्हता. पट्टी मीच कापत होतो. शिफ्टमध्ये कोणी दुसऱ्याच्या कार्डावर आपला नंबर टाकला असता तर मी त्याले गेटाबाहेर उभा केला असता. इंटरनेटवर तेच करताना मले कळलंच नाही.

विनोदिनीबाईंकडे जाऊन आलो. कविता त्यांची आहे असं ग्रुपवर लिहून टाकलं. त्यांनी या वेळी मला चहा पाजला, फार कडू होता. रॉबर्टचा पत्ता लागला नाही.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं वाचून दाखवलं. मग आठवडाभरानं एका सकाळी मी ऋताकडे तेलीबांध्याला गेलो. तळ्यावर फिरायला नेलं तिनं. तिथे फोन काढला आणि तळ्याचा फोटो घेतला. अर्ध्या फोटोत अंगठा आला आहे. खाली नाव टाकलं आणि ग्रुपवर पाठवला. लिहिलं की आजपासून ज्यानं त्यानं आपापला फोटो काढायचा, कसाही येवो. संकलन हा शब्द काढून टाकला आहे, नुसतं नाव ठेवायचं. देवांगनची सायकल आली. एकानं चुलीवरची तांदळाची जाड अंगाकर रोटी पाठवली, त्याच्या बायकोला विचारून. सगळ्यांत शेवटी साहूचा आला. तो अजून पाठीवर झोपून आहे, फोन वर धरून जे दिसलं ते त्यानं काढलं. नुसता छताचा पंखा, तोही हलल्यामुळे फिसकटलेला. त्याच्या खाली त्यानं एका बोटानं आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, बापाच्या नावासकट. इंदू, इतक्या महिन्यांत इतके सुंदर डोंगर, तळी, फुलं पाठवली, पण त्या पंख्याकडे आम्ही सगळे जितका वेळ बघत बसलो तितका कशाकडेही बसलो नव्हतो.

तुझ्या प्रहसनाचं. आमची परवानगी आहे. तुझी वहिनी म्हणते, पत्र पूर्ण घ्यायचं, मधलं काही गाळायचं नाही. माझी अट एकच, रॉबर्ट ठेव, देवांगनला तो आवडतो. रामाधारचं नाव खरं ठेवायचं असं माझ्या मनात होतं, पण ते आपलं नाही. त्याच्या गावी त्याचा भाऊ आहे. त्याला फोन करून सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं. तो त्यांच्या बोलीत हो म्हणाला, हव, लिहा.

दिवाळीत ये. लोभ मात्र नेहमीसारखा न विचारता नेत जा.

तुझा दादा,
नरेंद्र